फरदडीचा बर्फ

श्रावण वद्य चतुर्दशी, १९९४. दुसऱ्या दिवशी पोळा होता, आणि माझ्यापुढे पोतंभर फरदड पडली होती. दिवस मावळायच्या आत मला तिचा बर्फ करायचा होता.

फरदड म्हणजे कापसाची शेवटची वेचणी. तोवर झाडातला जीव गेलेला असतो, बोंडं अर्धवट उमललेली असतात, कापूस पिवळट आणि काडीकचऱ्यानं भरलेला. व्यापारी त्याला हात लावत नाही आणि शेतकऱ्याला तो फेकवत नाही. आमच्याकडे असली पोती माळ्यावर पडून असायची आणि उंदरांच्या बाळंतपणाची सोय व्हायची. त्यामुळे सासऱ्यांनी उत्तर ध्रुव करायला कापूस मागितला तेव्हा मी चांगली रुई काढली नाही, फरदड काढली, तीही सरकीसकट. एकेक सरकी सोडवत बसायला मला वेळ नव्हता. पुरणाची डाळ निवडायची होती, बैलांच्या खांद्यांना लावायला लोणी-हळद कालवायची होती, आणि अंगण सारवायचं राहिलंच होतं.

उत्तर ध्रुव आमच्या गावात कसा आला ते आधी सांगते.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्याच्या काठावर. नाला ओलांडला की महाराष्ट्र. पोळ्याचा दुसरा दिवस आमच्याकडे बडग्याचा. त्या सकाळी पळसाच्या डहाळ्या आणि जुनी लुगडी बांधून एक म्हातारी करतात. ती मारबत. तिला गाडीवर बसवून गावभर फिरवतात आणि शिवेबाहेर नेऊन जाळतात. जाता जाता गावातल्या सगळ्या पीडा तिच्या ओटीत घालायच्या. हे काम हाकेनं होतं. एक माणूस पुढे चालतो आणि पीडेचं नाव घेतो, मागून सगळं गाव ओरडतं, "घेऊन जा गे मारबत!"

आजूबाजूच्या गावांत नुसता खोकला, ढेकूण, डास असं म्हणत जायचे. आमच्या गावात हाका बांधलेल्या असायच्या, यमक जुळवून, दरवर्षी नव्या. त्या बांधायचे माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणत असे. भाजीपाल्याचा मळा करणारा माणूस. वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडायचं आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून ओठ हलवायचे. परका माणूस जवळून गेला तर त्याला वाटायचं म्हातारा जप करतो आहे. तेव्हा ते खरं म्हणजे बोंडअळीला यमक शोधत असायचे.

हाकेचा गावात एक नियम होता. हाक गावानं उचलली पाहिजे. तीनदा देऊनही गावानं तोंड उघडलं नाही तर ती हाक पडली, आणि हाक पडली की हाक देणारा बदलायचा. मामाजींना ते काम असंच मिळालं होतं. त्यांच्या तरुणपणी आधीच्या म्हाताऱ्याची एक हाक पडली आणि गर्दीतून मामाजींनी जागच्या जागी दुसरी बांधून दिली. तेव्हापासून त्यांची एकही पडली नव्हती. हे ते कधी बोलून दाखवत नसत, पण बडग्याच्या दिवशी पागोटं बांधताना आरशात ज्या तऱ्हेनं बघत, त्यावरून कळायचं.

आता बर्फ. मळ्यातल्या मोटरच्या खोलीत रेडिओ खिळ्याला टांगलेला असे. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी त्यावर कोणी बाई सांगत होत्या की पृथ्वीच्या टोकाशी अफाट बर्फ आहे, जगाची हवा तापत चालली आहे आणि तो बर्फ कडेकडेनं वितळू लागला आहे. तिथं पांढरी अस्वलं असतात. ती त्या बर्फावरच हिंडतात आणि त्याच्यावरूनच शिकार करतात. बर्फ गेला तर त्यांना उभं राहायला जागा नाही. मी भेंडी तोडत होते. मी ऐकलं आणि भेंडी तोडत राहिले. मामाजींनी ऐकलं आणि ते बारी फोडून पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायचं विसरले. आमचं पाणी शेजाऱ्याच्या तुरीत गेलं.

"पोरी," ते म्हणाले, "बर्फ पाह्यला काय तू?"

"गोळ्यावाल्याजवळचा पाह्यला."

"तो किती वेळ राह्यते?"

"चोखला तं लवकर जाते. नाही चोखला तरी जातेच."

"तसाच तिकडचा जाऊन राह्यला. अन् त्याच्यावर जनावर उभं हाय."

सांजेला भाकरी थापताना मला कळलं की यंदाची शेवटची, मोठी हाक बर्फाची असणार आहे.

"मामाजी, आपल्या गावात पीडा कमी हायेत काय? अळी हाय, लाइन जाते, बस थांबत नाही."

"त्याच्या हाका बांधून झाल्या. हे त्याच्यावरची."

"अन् लोकायनं नाही उचलली तं?"

"मच्छराची हाक कोणीबी देईन वो. त्याच्यासाठी मी कायले पाह्यजे?"

मी तव्याकडे वळले. भाकरी करपत होती.

पण बोलणारे दुसरे होते. गावात एक मायकवाला होता. लग्नाबारशाला भोंगे लावणं हा त्याचा धंदा. ऊन असो की पाऊस, गळ्यात मफलर. त्यानं तालुक्याहून नवं मशीन आणलं होतं आणि ते वाजवायला त्याला निमित्त हवं होतं. पारावर बडग्याची बैठक बसली तेव्हा तो म्हणाला की यंदा हाकाबिका राहू द्या, मारबतीच्या गाडीवर भोंगा बांधू आणि कॅसेट लावू. ठाण्यातून इजाजतसुद्धा काढून ठेवली आहे. आम्ही बाया बाजूच्या ओट्यावर बसून ऐकत होतो. मामाजींनी बर्फाचं सांगितलं तेव्हा तर त्याला मोकळं रानच मिळालं.

"बुढाबाबा, बर्फ तिकडं वितळून राह्यला तं आपल्या बापाचं काय जाते? त्या समुद्रात गंजभर पाणी जास्त होईन."

मामाजी शांतपणे म्हणाले, "तू तुहा भोंगा वरच्या आळीत लावतं, तं खालच्या आळीतलं लेकरू दचकून उठते का नाही?"

"उठते."

"हवेचं तसंच हाय लेका. एकाच्या घरची नसते."

पार हसला. मायकवालाही हसला, पण माघार घेईना. शेवटी ठरलं की यंदा हाका मामाजींच्याच. त्यातली एकही पडली तर पुढच्या सालापासून मायक. मामाजींनी मान हलवली. बर्फाची हाक सोडून दिली असती तर त्यांना काहीच भीती नव्हती. अळी, लाइन आणि बस यांना गाव डोळे मिटून ओरडलं असतं. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही.

मला माझी काळजी होती. पोळा ते पोळा मामाजींचं डोकं हाकांत असायचं, म्हणून ते माझ्या स्वयंपाकात नसायचं. हाका गेल्या असत्या तर वरणात हळद किती घातली, लाकूड ओलं का लावलं, हे विचारायला ते दिवसभर चुलीजवळ मोकळे झाले असते. तेव्हा मी पदर खोचला आणि बर्फाला लागले.

देखावा करायचं काम माझ्या धाकट्या दिराचं. भाऊजी तालुक्याला दुकानांच्या पाट्या रंगवत. एकाच पाटीवर तेलुगू, मराठी, हिंदी तिन्ही, आणि कोपऱ्यात गिऱ्हाइकाच्या आवडीचा देव. हात फार चांगला. पण पांढरं अस्वल त्यांनी कुठं पाहिलेलं असणार? काळं पाहिलं होतं. ते आमच्या भागात सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. मोहाच्या दिवसांत माणूसही पहाटे फुलं वेचायला जातो आणि अस्वलही. मग कधी माणूस पळतो, कधी अस्वल पळतं, आणि कधी दोघांनाही पळायला उशीर होतो.

बांबूचा सांगाडा, त्यावर भाताचं तणीस, आणि त्यावर माझा पलंगपोस. तो मी माहेराहून आणला होता आणि एकदाही अंथरला नव्हता. घरात दुसरा पांढरा कपडा म्हणजे मामाजींचं धोतर, आणि ते त्यांनाच लागणार होतं. अस्वलाला डोळे शर्टाच्या काळ्या बटणांचे, नखं बाभळीच्या काट्यांची. तयार झालं तेव्हा मी ते सगळ्या बाजूंनी पाहिलं. लांब मुस्कट, लोंबता ओठ, पाय फेंगडे.

"भाऊजी, हे तं आपल्याच जंगलातलं हाय."

"अस्वल ते अस्वलच वहिनी. रंगाचा फरक."

पुढे घरी टीव्ही आला तेव्हा मी खरं पांढरं अस्वल पाहिलं. अंग भरलेलं, मान लांब, चालणं एखाद्या पाटलासारखं. आमचं तसं नव्हतं. आमचं चुन्याच्या भट्टीत पडून उठल्यासारखं दिसायचं. पण आमचंच बरं होतं, हे मी टीव्हीसमोर बसूनही म्हटलं.

तर चतुर्दशीला मी बर्फ केला. बांबूच्या तट्ट्यावर गोणपाट ताणलं, ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून त्यावर थापली आणि खळीवर फरदड दाबून बसवली. उंचवटे केले, कडा केल्या. पिवळटपणा जावा म्हणून वरून पुन्हा खळ फिरवली. भाऊजी मागे उभे राहून सूचना करत होते.

"बर्फ चमकते वहिनी. तालुक्याहून चमकी आणू काय?"

"काही नको." मी खडेमीठ कुटलं आणि ओल्या खळीवर भुरभुरलं. वाळल्यावर उन्हात ते असं लखलखलं की भाऊजींनी पुन्हा चमकीचं नाव काढलं नाही. मला स्वतःला ते आवडलं. काम बरं झालं की मी तसं म्हणते, त्यात लाजायचं काय?

मामाजी हाक घोळत होते. मला ऐकवायला आले.

"उत्तरेच्या टोकावर हिमखंडाचा पसारा,
वातावरणी उष्णतेनं होते त्याचा निचारा."

"निचारा काय असते?"

"निचराच. पसाऱ्यासाठी लांबवला."

"मामाजी, हे हाक नाही. हा रेडिओ हाय."

त्यांचं तोंड उतरलं. मग चढलं. "तू बर्फ कर," म्हणाले, आणि निघून गेले. पण धुऱ्यावर बसून पुन्हा ओठ हलवू लागले. यमक बसत होतं, आणि बसत होतं म्हणूनच त्यांना ते सोडवत नव्हतं.

सांजेला खांदमळणी. बैलांचे खांदे कोमट पाण्यानं शेकले, लोणी-हळद चोळली आणि कानात सांगितलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आमच्या जोडीतला बांडा माझा लाडका. लाडका म्हणजे काय, तर रोज दावणीला बांधताना मी त्याला मूठभर सरकी द्यायचे, आणि म्हणून तो माझ्या आवाजाला यायचा. घरातल्या पुरुषांना त्याला कासऱ्यानं ओढावं लागे. मी नुसतं "आ रे बांड्या" म्हटलं की तो शेताच्या पलीकडून मान हलवत निघे. त्या सांजेला त्यानं माझे हात चाटून चाटून स्वच्छ केले. मला वाटलं, लोण्यासाठी.

पोळा पोळ्यासारखा झाला. तोरण तुटलं, बैल सजून फिरले, घरोघरी ओवाळले, पुरणपोळ्या माणसांनीही खाल्ल्या. ते दोन दिवस बैलाला जू नाही, काठी नाही. काठीच काय, त्याला "हाड" म्हणायचं नाही. बैल कुणाच्या दारात शिरला तर हात जोडून वाट द्यायची. बैलांना हे माहीत असतं की नाही सांगता येत नाही, पण त्या दिवसांत ते चालतात मात्र तसेच.

बडग्याच्या सकाळी देवळाच्या खोलीत ठेवलेला बर्फ काढला आणि गाडीवर चढवला. त्यावर मधोमध अस्वल, मागे मारबत. गाडी माणसांनी ओढायची, बैलांना सुट्टी. पोरांच्या हातात पळसाच्या डहाळ्या. मामाजी पुढे, पागोटं घट्ट. मायकवाला पाराशेजारच्या ओट्यावर मशीन मांडून, कॅसेट घालून, बटणावर बोट ठेवून बसलेला. मिरवणूक त्याच्यासमोर येऊनच संपणार होती.

मामाजींचा आवाज त्या दिवशी खणखणीत होता.

"बोंडात बसून अळी जेवते, वेचणारीची ओटी रिकामी ठेवते!"

"घेऊन जा गे मारबत!"

"सांज झाली का लाइन जाते, अर्धं पीठ चक्कीत राह्यते!"

"घेऊन जा गे मारबत!" या हाकेला चक्कीवाल्याची बायको सगळ्यांच्या वर ओरडली.

"बस येते भरून, जाते आमाले सोडून!"

गाव नुसतं दणाणत होतं. पण मी गाडीच्या बाजूनं चालत होते आणि लोक अस्वलाकडे कसे बघतात ते मला दिसत होतं. आमच्या शेजारची म्हातारी काठी टेकत मध्येच आली.

"हे मेलं अस्वल कायले बसवलं वो बाई? यानं माह्या भावाचं थोबाड फाडलं व्हतं."

"ते काळं होतं मावशी. हे बर्फातलं हाय."

"चुना फासला म्हणून काय झालं? नखं पाय त्याची!"

आजूबाजूच्या चार जणी हसल्या. मला हसू आलं नाही. ज्या जनावरासाठी गावानं ओरडायचं होतं त्याच्यावर गावाचा जुना राग होता. हे मामाजींच्याही ध्यानात आलं नव्हतं आणि माझ्याही.

पारापुढे गाडी थांबली. ऊन चांगलं वर आलं होतं, मीठ लखलखत होतं. मामाजींनी घसा साफ केला आणि हाक दिली, उत्तरेच्या टोकावर हिमखंडाचा पसारा.

कोणी तोंड उघडलं नाही. दोन-चार जणांनी एकमेकांकडे पाहिलं. एका बाईनं विचारलं, "काय म्हणते बुढा?"

मामाजींनी दुसऱ्यांदा दिली, सावकाश, शब्द सुटे करून. त्यामुळे ती आणखीच बातमीसारखी झाली. या वेळी उत्तर आलं, पण ते भाऊजींचं आणि माझ्या नवऱ्याचं. मायकवाला ओट्यावरून ओरडला, "घरचे धरत नाही वो!" आणि ते खरं होतं, घरच्यांचं उत्तर मोजत नसत.

एकच वेळ उरली होती. मामाजी उभे होते, पागोट्याखाली घाम. मी आयुष्यात त्यांना शब्द शोधताना रोज पाहिलं होतं, पण शब्द नसताना पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला सरली. लोकांनी हात जोडून वाट दिली, कारण येणारा बैल होता. आमचा बांडा. शिंगं हिरवी रंगवलेली, गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर झूल. तो कुणाकडे न बघता सरळ गाडीपाशी आला, मान लांबवली आणि उत्तर ध्रुवाचा एक कोपरा तोंडात धरून ओढला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सरकी, ज्वारीचं पीठ, मीठ. मी बर्फ केला नव्हता, आंबोण केलं होतं. पोळ्याला बैलाला करतात त्याहूनही चांगलं. आणि चतुर्दशीला त्यानं माझे हात का चाटले होते तेही कळलं.

भाऊजी "अरे, अरे" करत धावले आणि थांबले. मारता येत नव्हतं, हाकलता येत नव्हतं. त्यांनी बैलालाच हात जोडले. "बाप्पा, पुरे आता." बांड्यानं दुसरा लचका घेतला. माझा नवरा माझ्याकडे वळला.

"हाक मार त्याले! तुह्याच आवाजाले येते तो!"

मी तोंड उघडलं. आणि माझी नजर अस्वलावर गेली.

त्याच्या पुढच्या एका पायाखालचा बर्फ गेला होता. नुसतं गोणपाट लोंबत होतं. ते पुढे कललं होतं, ओठ खाली लोंबलेला, बटणाचे डोळे थेट त्या बैलाच्या तोंडाकडे. बांड्यानं आणखी ओढलं तसं ते सरकून मागच्या उरलेल्या तुकड्यावर गेलं. आता दुसऱ्या कुणाचा बैल आला आणि पलीकडून लागला. गर्दी हसत होती, मग हसू कमी झालं, मग सगळे बघायला लागले. बर्फ दोन्ही बाजूंनी जात होता आणि मधोमध ते फेंगडं जनावर चार पाय जवळ घेऊन उभं होतं.

मी तोंड मिटलं.

"अवं, थांबवा ना कोणी!" शेजारची म्हातारी काठी आपटून म्हणाली. "पाय ठेवाले जागा नाही राह्यली वो त्या मुक्याले!"

मामाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग अस्वलाकडे, मग बैलाकडे. त्यांचे ओठ हलले, वांग्याच्या धुऱ्यावर हलायचे तसे. आणि त्यांनी तिसरी हाक दिली. पसारा नाही, निचारा नाही, यमकसुद्धा नाही.

"उभ्याच्या पायाखालची जागा खाते, अशी गरमी!"

"घेऊन जा गे मारबत!"

पहिली ती म्हातारीच होती, एकटी, फाटक्या आवाजात. तिचा शेवटचा शब्द संपायच्या आत सगळं गाव तिच्यावर येऊन आदळलं. मामाजींनी पुन्हा दिली, पुन्हा तसंच. पोरं डहाळ्या हलवत नाचायला लागली. आवाज इतका झाला की दोन्ही बैल खाणं थांबवून बघू लागले, आणि नेमकं तेव्हा अस्वल कललं आणि गाडीवरून खाली आलं. ते म्हातारीच्या अंगावर पडलं. तिनं काठी टाकली आणि त्याला दोन्ही हातांनी धरलं.

मायकवाल्याचं तोंड उघडं होतं, मी पाहिलं. त्यानं बटण दाबलं नव्हतं. नंतर तो म्हणायचा की ती जांभई होती.

शिवेबाहेर मारबत जाळली. बर्फाचं गोणपाटही तिच्याबरोबर गेलं. कुणी तरी अस्वल उचलून जाळात घालायला निघालं तर म्हातारी आडवी झाली. "याले कायले जाळता? यानं काय केलं?" एवढं बोलून तिनं ते काखोटीला मारलं आणि परत आणून माझ्या ओट्यावर ठेवलं. भावाचं थोबाड ती विसरली होती असं नाही. वाटेत तिनं त्याला दोन शिव्याही दिल्या.

दुपारी सगळे जेवायला बसले. भाऊजी थोडा वेळ आपल्या बर्फासाठी हळहळले, मग म्हणाले, पृथ्वीचं दुसरं टोकही वितळतं आहे म्हणे, तिकडे कोंबडीसारखे उभ्यानं चालणारे पक्षी असतात, पुढच्या साली ते करू. नवरा म्हणाला, मग यंदाची फरदड बांड्याला दाखवू नका. मामाजी पोळीवर तूप घेत होते. ते खुशीत होते, पण कवीची खुशी पूर्ण नसते, हे मला तोवर माहीत झालं होतं.

"यमक नाही बसलं," ते म्हणाले.

"न बसू द्या. गाव बसलं ना?"

"हं." मग तुपाची वाटी सारून, "तू बांड्याले हाक काऊन नाही मारली?"

"एका वेळी एकच हाक द्यावी मामाजी."

ते इतके हसले की ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले की पोळीत वेलची जास्त झाली आहे. पण ते नुसतं बोलायचं म्हणून. लगेच हात धुऊन मळ्याकडे गेले, आणि मी खिडकीतून पाहिलं तेव्हा ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्लेड घेऊन ओट्यावर गेले. पलंगपोस उसवून, भिजवून, नीळ घालायचा माझा बेत होता. अस्वलाच्या गळ्यात कुणी तरी बांड्याची झेंडूची माळ घातली होती आणि शेजारची म्हातारी त्याच्याशेजारी बसून दात घासत होती. त्याचा मागचा पाय शिवणीवर फाटला होता, तणीस बाहेर आलं होतं. मी ब्लेड ठेवून दिलं. दाभण आणि सुतळी आणली, तो पाय घट्ट शिवला आणि ते उचलून माळ्यावर फरदडीच्या पोत्यांशेजारी ठेवलं. मग खाली येऊन बांड्याला मूठभर सरकी दिली आणि शेतात निंदायला गेले.